मस्तकावरील यंत्र आणि अंतरंगातील सामायिक

(सुवर्ण महोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाची संहिता)

 

सुवर्ण महोत्सवाच्या मंगल प्रसंगी व्याख्यानाचा विषय धर्मचर्चेचाच असावा, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. आजचा विषय प्रथमदर्शनी एका यंत्राचा वाटेल. परंतु त्या यंत्राने उभा केलेला प्रश्न धर्माच्या अगदी गाभ्यातला आहे. मुलाचे चित्त अभ्यासात लागत नाही, पेढीवर बसणाऱ्याचा क्रोध आवरत नाही, गृहिणीला रात्री झोप येत नाही, अशा तक्रारी आज घरोघरी ऐकू येतात. त्यावर उपाय म्हणून बाजारात एक नवे साधन आले आहे. कपाळावर बांधायची एक हलकी पट्टी. ती मेंदूतील सूक्ष्म विद्युत्-लहरी टिपते आणि मन शांत आहे की भरकटले आहे, हे मोबाइलवर तत्काळ कळवते, असे तिच्याविषयी सांगितले जाते. परदेशी असलेले मुलगे-मुली ती आई-वडिलांना भेट म्हणून पाठवू लागले आहेत. ज्या समाजात सामायिक हे श्रावकाच्या बारा व्रतांपैकी एक व्रत आहे, त्या समाजाने या साधनाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा शांतपणे विचार होणे आवश्यक आहे.

यंत्र नेमके काय करते?

मानवी मेंदूतील कोट्यवधी पेशी परस्परांशी विजेच्या अतिसूक्ष्म संकेतांनी संवाद साधतात. असंख्य पेशी एका तालात कार्य करू लागल्या की त्यांचा एकत्रित परिणाम कवटीबाहेर, त्वचेवरही क्षीणपणे जाणवतो. हा विद्युत्-दाब साधारणपणे १० ते १०० मायक्रोव्होल्ट इतका असतो. एक मायक्रोव्होल्ट म्हणजे एका व्होल्टचा दहा लाखावा भाग. घड्याळात घालण्याचा साधा सेल दीड व्होल्टचा असतो. यावरून या संकेतांची सूक्ष्मता ध्यानी येईल.

जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूच्या या लहरी प्रथम नोंदविल्या आणि १९२९ मध्ये आपले संशोधन प्रसिद्ध केले. प्रारंभी त्यावर कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज या शास्त्रज्ञांनी तेच निष्कर्ष पडताळून दाखविले, तेव्हा कुठे या शोधाला मान्यता मिळाली. रुग्णालयात फेफऱ्याच्या निदानासाठी डॉक्टर जी ‘ईईजी’ तपासणी करावयास सांगतात, ती याच शोधाची देणगी होय.

या लहरींचे त्यांच्या गतीनुसार प्रकार केले जातात. गाढ निद्रेत सेकंदाला चारहून कमी आवर्तनांच्या डेल्टा लहरी प्रबळ असतात. चार ते आठ आवर्तनांच्या थीटा लहरी ग्लानीत वाढतात. डोळे मिटून स्वस्थ बसल्यावर आठ ते तेरा आवर्तनांच्या अल्फा लहरी दिसतात आणि डोळे उघडताच त्या ओसरतात. त्याहून जलद अशा बीटा लहरी जागृत, क्रियाशील अवस्थेत आढळतात.

मस्तकपट्टी याच लहरी टिपते. कॅनडातील टोरांटो येथील इंटरॅक्सॉन या कंपनीने २०१४ मध्ये ‘म्यूज’ नावाची अशी पट्टी बाजारात आणली. तिचे संवेदक कपाळावर आणि कानांमागे टेकतात. साधक डोळे मिटून बसतो व कानांत ध्वनी ऐकतो. मन विचलित झाल्याचे यंत्राने ठरविले की वादळवाऱ्याचा आवाज वाढतो. मन स्थिरावले की वारा शमतो आणि पक्ष्यांचा किलबिलाट सुरू होतो. या तत्त्वाचा पाया १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठात जो कामिया यांनी घातला. आपल्या मेंदूत या क्षणी अल्फा लहरी आहेत की नाहीत, हे मनुष्य वारंवार मिळणाऱ्या खुणेच्या साहाय्याने ओळखू शकतो, असे त्यांना आढळले. आरशात पाहून केस नीट करावेत, तसे यंत्रात पाहून मन नीट करावे, अशी ही कल्पना आहे.

भारतीय भूमीतील प्रयोग

ध्यानाचा विज्ञानाशी संबंध परदेशातच जोडला गेला, असा समज कोणी करून घेऊ नये. ज्या १९२४ साली बर्गर यांनी मेंदूच्या लहरी टिपल्या, त्याच साली आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्याला स्वामी कुवलयानंद यांनी कैवल्यधामाची स्थापना केली आणि योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला.

१९६१ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. बी. के. आनंद, डॉ. छिना व डॉ. बलदेव सिंह यांनी योगसाधकांच्या मेंदूलहरींवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. ध्यानावस्थेतील योग्यांसमोर प्रखर प्रकाश धरण्यात आला, मोठा आवाज करण्यात आला, गरम काचनळीचा स्पर्श करण्यात आला. तरीही त्यांच्या अल्फा लहरी खंडित झाल्या नाहीत. ध्यानात नसताना मात्र त्याच योग्यांच्या लहरी अशा उपद्रवांनी विचलित होत. अन्य दोन योग्यांनी पाऊण तासाहून अधिक काळ अतिशीत पाण्यात हात ठेवला, तरी त्यांच्या लहरी स्थिर राहिल्या. साधकांची संख्या अल्प होती, त्यामुळे या प्रयोगावरून व्यापक सिद्धांत मांडता येत नाही. तथापि दीर्घ साधनेचा ठसा शरीरावर उमटतो, याचे ते एक महत्त्वाचे दर्शन होते. पुढे १९७५ मध्ये आचार्य श्री महाप्रज्ञजींनी प्रेक्षाध्यानाची पद्धती मांडली, तेव्हा त्यांनीही आगमांच्या आधाराबरोबर आधुनिक शरीरशास्त्राचा आधार घेण्यात संकोच मानला नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जैन परंपरा विज्ञानाला भीत नाही. परीक्षा करून स्वीकारावे, हीच तिची रीत आहे.

यंत्राच्या मर्यादा

म्हणून या यंत्राचीही परीक्षा केली पाहिजे. पहिली मर्यादा मोजमापाची. रुग्णालयातील तपासणीत डोक्यावर साधारणपणे १९ ते २१ संवेदक लावतात, तंत्रज्ञ समोर बसतो आणि तज्ज्ञ डॉक्टर आलेख वाचतात. घरगुती पट्टीत संवेदक मोजकेच असतात. पापणी लवली, जबडा आवळला, कपाळाला आठी पडली, तरी त्यातून निर्माण होणारा विद्युत्-संकेत मेंदूच्या संकेतापेक्षा मोठा असू शकतो. म्हणून अशा पट्टीवरून कोणत्याही विकाराचे निदान करू नये. फेफरे, नैराश्य, दीर्घकाळची निद्रानाशाची व्यथा यांसाठी डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा.

दुसरी मर्यादा अर्थ लावण्याची. लहर हे मोजमाप आहे, ‘शांती’ हा त्यावरून काढलेला अंदाज आहे. डोळे मिटून पेंगणाऱ्याच्या आणि ध्यानस्थाच्या लहरींत काही साम्य असू शकते. पडद्यावर दिसणारे गुण कंपनीने स्वतःच्या सूत्रानुसार ठरविलेले असतात.

तिसरी मर्यादा परिणामाची. अमेरिकेत सात ते दहा वर्षे वयाच्या, चंचल व अवधानशून्य अशा सुमारे १४० मुलांवर एक काळजीपूर्वक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. काही मुलांना त्यांच्या स्वतःच्या मेंदूलहरींवर आधारित प्रशिक्षण दिले. उरलेल्यांना तसेच यंत्र लावले. परंतु त्यांना मिळणारा प्रतिसाद आधीच नोंदवून ठेवलेल्या परक्या लहरींवर आधारलेला होता. कोणते मूल कोणत्या गटात आहे, हे मुलांना, पालकांना व प्रशिक्षकांना ठाऊक नव्हते. दोन्ही गटांतील मुले सुधारली आणि दोन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारली! याचा अर्थ प्रशिक्षण व्यर्थ गेले असा नव्हे. ठरलेल्या वेळी येणे, स्थिर बसणे, मोठ्या माणसांनी प्रेमाने लक्ष देणे, झोप व आहार यांची शिस्त लावणे, या गोष्टी दोन्ही गटांना लाभल्या होत्या. गुण त्यांचा असावा. श्रेय मात्र यंत्राला दिले गेले असते.

एकाग्रता, पण कशाची?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. समजा, उद्या यंत्र निर्दोष झाले, एकही लहर चुकली नाही. तरीही एक प्रश्न उरतोच. एकाग्रता कशावर?

वाचक उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ध्यानाचे विवेचन आहे. एका विषयावर चित्त स्थिर होणे म्हणजे ध्यान, आणि त्याचा काळ अंतर्मुहूर्तापर्यंत, असे तेथे सांगितले आहे. परंतु आचार्य एवढ्यावर थांबत नाहीत. ध्यानाचे आर्त, रौद्र, धर्म आणि शुक्ल असे चार प्रकार ते सांगतात आणि त्यांतील शेवटचे दोनच मोक्षाला कारण होतात, असे स्पष्ट करतात. आर्त आणि रौद्र हीही ध्यानेच आहेत! गमावलेल्या वस्तूसाठी अहोरात्र झुरणारा मनुष्य एकाग्रच असतो. प्रतिस्पर्ध्याचा घात कसा करावा याचा बेत रचणारा, दोन हिशेबांचा मेळ घालणारा, साठविलेल्या धनाच्या रक्षणाच्या चिंतेत बुडालेला, हे सर्व एकाग्रच असतात. व्यापारी माणसाला हे वेगळे सांगावयास नको. रात्री गल्ला मोजताना चित्त जेवढे स्थिर असते, तेवढे माळ फिरवताना असते काय?

राजर्षी प्रसन्नचंद्रांची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. राजगृहाबाहेर एका पायावर उभे राहून, बाहू उंचावून ते कायोत्सर्गात स्थिर होते. श्रेणिक राजाने त्यांना वंदन केले आणि भगवंतांना विचारले, “या क्षणी या मुनींचे आयुष्य संपले तर त्यांना कोणती गती मिळेल?” उत्तर आले, “सातवी नरकभूमी.” राजा थक्क झाला. मंत्री आपल्या बालपुत्राचे राज्य बळकावणार, हे वाटेवरील सैनिकांचे बोलणे मुनींच्या कानी पडले होते आणि ते मनातल्या मनात घनघोर युद्ध करीत होते. शस्त्रे संपली, तेव्हा मुकुट फेकून मारावा म्हणून त्यांनी हात मस्तकाकडे नेला. तो मुंडित मस्तकाला लागला आणि ते भानावर आले. पश्चात्तापाची धारा लागली आणि अल्पावधीत त्याच मुनींना केवलज्ञान झाले. देह जराही हलला नव्हता. बदलली ती केवळ ध्यानाची जात.

त्या वेळी राजर्षींच्या कपाळी आजची पट्टी असती तर तिने काय दाखविले असते? क्रोधाने स्नायू ताणले गेले असते तर कदाचित थोडी खळबळ उमटली असती. पण थंड डोक्याने रचलेले कपट, गोड बोलून साधलेला लोभ, यांचे काय? मीटरपट्टी ताग्याची लांबी अचूक सांगते; सूत खरे की खोटे, आणि माल न्यायाने आला की अन्यायाने, हे ती सांगू शकत नाही. त्यात मीटरपट्टीचा दोष नाही. तिच्याकडून ते उत्तर मागणाऱ्याचा आहे.

रेतीची घडी आणि गुणांची हाव

सामायिकात साधनांना स्थान नाही असे मुळीच नाही. कटासन आहे, मुहपत्ती आहे, १०८ मण्यांची माळ आहे. ४८ मिनिटांचा काळ मोजण्यासाठी रेतीची घडी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. परंतु त्या घडीने फक्त काळ मोजला. “आज तुझी समता पंचाऐंशी टक्के झाली,” असे तिने कधी सांगितले नाही. रेती सर्वांसाठी सारखीच गळते, मग बसणारा नगरशेठ असो वा हमाल.

नव्या यंत्राचा धोका येथे आहे. पडद्यावर गुण दिसतात, किती पक्षी किलबिलले ते दिसते, सलग किती दिवस बसलो याची नोंद राहते. कालच्यापेक्षा आज गुण कमी झाले की मन खट्टू होते. इतरांपेक्षा अधिक झाले की फुलून येते. आपल्या परंपरेत सामायिकाचे ३२ दोष सांगितले आहेत: मनाचे दहा, वचनाचे दहा आणि कायेचे बारा. मनाच्या दहा दोषांत यशाची इच्छा, लाभाची इच्छा आणि गर्व यांची गणना आहे. समता मोजण्याच्या नादात समताच हातची जावी, याहून मोठी विसंगती कोणती?

मुले आणि मनाची गुप्तता

प्रौढ माणूस स्वतःच्या इच्छेने पट्टी बांधील वा काढून ठेवील. मुलांचे तसे नाही. २०१९ मध्ये चीनमधील झेजियांग प्रांतात, जिनहुआ येथील एका प्राथमिक शाळेत वर्गातील मुलांच्या डोक्यावर अशा पट्ट्या बांधल्याचे चित्र जगाने पाहिले. मुलाचे लक्ष आहे की नाही, हे पट्टीवरील रंगीत दिव्यावरून शिक्षकांना दिसे आणि त्याचा तपशील पालकांनाही कळविला जाई. समाजात तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि स्थानिक शिक्षण विभागाने तो वापर थांबविला. ज्या मुलाला आपले मन सतत कोणीतरी वाचत आहे असे वाटते, ते मूल लक्ष देणे शिकत नाही. लक्ष असल्याचे दाखविणे शिकते. ‘माया’ या कषायाचे हे बालशिक्षणच नव्हे काय?

शिवाय या लहरींची नोंद जाते कोठे? बहुधा मोबाइलमार्गे कंपनीच्या संगणकांकडे. चिली देशाने २०२१ मध्ये मेंदूविषयक माहितीचे संरक्षण आपल्या राज्यघटनेत समाविष्ट केले. २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एमोटिव्ह या कंपनीला, एका माजी सिनेटरच्या मेंदूलहरींची साठविलेली माहिती पुसून टाकण्याचा आदेश दिला. अमेरिकेतील कोलोरॅडो व कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये अशा माहितीला कायद्याचे संरक्षण दिले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये युनेस्कोनेही यासंबंधीची नीतितत्त्वे स्वीकारली. भारतात २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. पेढीची खतावणी परक्याच्या हाती न देणाऱ्या माणसाने मनाची खतावणी मात्र अटी न वाचता स्वाधीन करावी, हे शहाणपणाचे नाही.

श्रावकाने काय करावे?

यंत्र त्याज्यच आहे, असा एकांतिक निर्णय अनेकान्ताला मानणाऱ्या समाजाने देऊ नये. एखाद्या तरुणाला प्रथमच डोळे मिटून बसण्याची गोडी या पट्टीमुळे लागली, मन किती वेळा पळते हे त्याला प्रत्यक्ष कळले, तर तेवढा उपकार मान्य करावा. चालावयास शिकणाऱ्या बालकाच्या पांगुळगाड्याइतकेच मात्र तिचे स्थान असावे. विकत घेण्यापूर्वी काही गोष्टी अवश्य तपासाव्यात. गरज खरी आहे की शेजाऱ्याने घेतले म्हणून घेत आहोत? काही शे डॉलरचा हा खर्च परिग्रहात भर घालणारा तर नाही? नोंदी कोठे साठविल्या जातात आणि त्या पुसता येतात काय? मुलासाठी घेत असू, तर आधी त्याची झोप, त्याचा मोबाइल आणि घरातील वातावरण यांकडे पाहिले आहे काय? प्रत्यक्ष सामायिक करताना मात्र यंत्र दूरच ठेवावे. सामायिकात बसल्यावर विद्युत्-उपकरणांचा स्पर्श वर्ज्य मानण्याची परंपरा आहे आणि तिच्यात खोल अर्थ आहे.

पुणिया श्रावकाचे स्मरण येथे उचित होईल. कापसाच्या पुण्या विकून चरितार्थ चालविणारा तो निर्धन श्रावक. परंतु त्याच्या एका सामायिकाचे मोल श्रेणिकाच्या साऱ्या राज्याने होईना. असे सांगतात की, एके दिवशी त्याचे चित्त सामायिकात लागेना. त्याने कपाळाची तपासणी केली नाही. त्याने घराची तपासणी केली. “आज आपल्या घरात न दिलेले असे काही आले आहे काय?” असे त्याने पत्नीला विचारले. तिला आठवले, वाटेत पडलेल्या परक्याच्या गोवऱ्या तिने उचलून आणल्या होत्या. त्या परत ठेवल्या आणि चित्त पूर्ववत् स्थिर झाले.

मन भरकटले, एवढे यंत्र सांगू शकेल. का भरकटले, याचे उत्तर दिवसभराच्या व्यवहारात सापडते: तोडून टाकलेल्या नोकराच्या शब्दांत, कमी भरलेल्या मापात, भावाशी धरलेल्या अबोल्यात. ते शोधण्याचे साधन आपल्याकडे पूर्वीपासून आहे आणि त्याचे नाव प्रतिक्रमण.

संस्थेने पन्नास वर्षांत सभागृह उभारले, पाठशाळा चालविली. पुढील वाटचालीत आणखी एक उपक्रम सहज जोडता येईल. दररोज ४८ मिनिटे सभागृहाचा एक कोपरा मौनासाठी राखून ठेवावा. तेथे मोबाइल नसावा, गुण नसावेत, हजेरीही नसावी. केवळ कटासने आणि रेतीची एक घडी असावी. आजोबांच्या शेजारी नातू बसेल. प्रारंभी दहा मिनिटे बसेल, चुळबुळ करील, मग हळूहळू स्थिरावेल. त्याचे चित्त किती टक्के स्थिरावले, हे कोणालाही कळणार नाही. परंतु घरी गेल्यावर धाकट्या बहिणीने त्याचे पुस्तक फाडले आणि त्याचा उगारलेला हात खाली आला, तर आईला ते निश्चित कळेल. समतेचे याहून विश्वसनीय मोजमाप अद्याप कोणत्याही यंत्राला साधलेले नाही.